वय 37, आधीपासून शुगर. 19व्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका दिसलाय. बाळात दोष असेल का?

ताई, हाच ठिपका माझ्याही रिपोर्टमध्ये होता. मी तेव्हा 38 वर्षांची, शुगर लग्नाआधीपासूनची.

ठाण्यात नौपाड्यात स्कॅनला गेले तर बाळ पाठ करून बसलेलं, हृदय दिसेचना. अशा वेळी इतरांना काहीतरी गोड खाऊन यायला सांगतात, मला डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या फिरून या." तलावपाळीला फेरी मारून आले, तेव्हा कुठे स्वारी वळली. मग डाव्या कप्प्यात तिळाएवढा ठिपका दिसला, प्रत्येक ठोक्याबरोबर हलणारा.

हृदयातल्या बारीक स्नायूवर क्षार साचले की तेवढी जागा हाडासारखी पांढरी दिसते. त्याने हृदयाच्या कामात काही बिघडत नाही. याला सॉफ्ट मार्कर म्हणतात. डाऊन सिंड्रोमच्या बाळांत तो जास्त सापडतो म्हणून नोंदवतात, पण धडधाकट बाळांतही असतो. सोबत मानेमागची त्वचा 6 मिमी किंवा त्याहून जाड, नाकाचं हाड न दिसणं, आतडं हाडाइतकं पांढरं असं काही लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी.

डबल मार्कर (तिसऱ्या महिन्यातली डाऊन सिंड्रोमच्या जोखमीची रक्तचाचणी) केली होती का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून डाऊन सिंड्रोम नाहीच, असं ठरत नाही. एनआयपीटीबद्दल विचारा, ती आईच्या रक्तावरून होते. तीही चाळणीच, जोखीम जास्त आली तर खात्रीसाठी गर्भजल तपासावं लागतं.

खरं सांगू, मी तुमच्या जागी असते तर ठिपक्यापेक्षा शुगरकडे बघितलं असतं. गर्भ राहताना शुगर जास्त असेल तर हृदयाच्या रचनेत आणि मणक्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. मणक्यातली फट बऱ्याचदा डोक्यावरून कळते: कपाळाच्या बाजू आत दबून कवटी लिंबासारखी, लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. रिपोर्टमध्ये कवटी, लहान मेंदू आणि मणका नॉर्मल लिहिलाय का, ते आधी बघा. आणि फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, कराच. माझी 23व्या आठवड्यात झाली, ठीक निघाली. पण शंका असेल तर इतकं थांबू नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी गर्भपात करायचा तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, त्यात दिवस जातात.

इकोला आधीचे सगळे रिपोर्ट आणि आधार कार्ड न्या. गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा एफ फॉर्म तिथेही पुन्हा भरायला लावतात.