लॉ कॉलेजमधल्या मूट कोर्ट आणि इंटर्नशिपमधून खरंच वकिली येते का? मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

माझ्याकडे मूटच्या, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्याच्या, दोन ट्रॉफ्या आहेत, ऑफिसात वरच्या फळीवर जुन्या डायऱ्यांमागे. एक घटनेच्या कलम २१ वर बोलून मिळवलेली. तालुक्याच्या कोर्टात ते भाषण अजून एकदाही उपयोगी पडलेलं नाही.

सनद मिळाली आणि सिनिअरांनी पहिला दावा लिहायला दिला. बांधाचं भांडण. शेजाऱ्यानं पूर्वेचा बांध कोरलेला, ते थांबवायला कोर्टाची मनाई हवी होती. मी इंग्रजीत झकास दावा लिहिला. सिनिअरांच्या कारकुनानं, अण्णांनी, पहिलं पान बघून परत दिला. "इथं मराठीत लागतो." खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, आणि आमचा ड्राफ्टिंगचा पेपर अख्खा इंग्रजीत, तोही गाइडातून पाठ केलेला. कॉज ऑफ अ‍ॅक्शनला 'दाव्यास कारण' म्हणतात हे मला अण्णांनी सांगितलं. अण्णा दहावी नापास.

पुन्हा लिहिला. चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांना कोण-काय आहे ते, पक्षकाराला फोनवर विचारून घातली. जमिनीची ओळख पटेल असं वर्णन हवं, आदेश ७ नियम ३, हे तोंडपाठ होतं. पक्षकार सांगत होता, उजव्या अंगाला हा, डाव्या अंगाला तो. कुणीकडं तोंड करून, हे मी विचारलंच नाही.

नि. ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, उभा राहिलो. समोरचे वकील शांतपणे म्हणाले, "वादीच्या वर्णनात माझा पक्षकार पश्चिमेला आहे. मग पूर्वेचा बांध त्यानं कोरला कसा?"

मागच्या बाकांवर हशा. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर त्यांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, वर पाचशे रुपये कॉस्ट. तेवढ्यात पाऊस झाला आणि शेजाऱ्यानं त्या पट्ट्यात सोयाबीन पेरूनही टाकलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, जाग्यावर गेला होता का?"

नव्हतो गेलो. गंमत म्हणजे हे शिकवायला पेपर आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूटला ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघायला ३०, पक्षकाराची मुलाखत, दाव्याची तयारी आणि इंटर्नशिप डायरीला ३०, तोंडीला १०. मुलाखतीची डायरी आम्ही आदल्या वर्षाच्या मुलांकडून उतरवली. सगळ्या वर्गाचा पक्षकार एकच, घर खाली न करणारा भाडेकरू. तपासणाऱ्या सरांनी भरघोस गुण दिले. हेच सर वर्गात म्हणायचे, ड्राफ्टिंग हे कारकुनी काम, वकील ओळखावा उभा राहिल्यावर. सर, त्या दिवशी मी उभाच होतो.

तर मूटमधून उभं राहायची भीती जाते आणि निवाडे शोधायची सवय लागते. बस्स. मूटमध्ये फॅक्ट्स छापून मिळतात, साक्षीदार नसतो. खालचं कोर्ट साक्षीपुराव्यावरच चालतं. उलटतपास शिकायचा तर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, संपेपर्यंत मागं बसून ऐकावा लागतो.

इंटर्नशिप तुम्हाला किमान १२ आठवड्यांची आहे ना? मोठ्या नावाच्या मागं लागू नका, झेरॉक्स काढत बसाल. दिवाणी कामं करणारा वकील धरा आणि त्याच्या कारकुनाशेजारी बसा. एखादी निकाली फाइल मागून घ्या, दाव्यापासून निकालापर्यंत वाचा, रोजनाम्यासकट, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदींसकट. कोणती तारीख का गेली ते तिथं कळतं. बार परीक्षेची, म्हणजे वकिली करायला पास व्हावी लागते तिची, धास्ती नको. तिथं बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपणांशिवायचा नुसता कायदा, समोर ठेवून पर्याय निवडायचे असतात, दावा कुणी लिहून मागत नाही.

हां, मुंबईच्या कॉर्पोरेट फर्ममध्ये जायचं असेल तर माझं ऐकू नका. तिथं इंग्रजी लागतं आणि मूटची ट्रॉफीही बघतात. काही कॉलेजांची लीगल एड (मोफत कायदेशीर मदत) केंद्रं खरंच काम करतात, तुमचं त्यातलं असेल तर उत्तम. आणि तालुक्याला सुरुवातीची एक-दोन वर्षं हातात काही पडत नाही, ते घरी आधीच सांगून ठेवा.

दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर पोरं माझ्याकडं डायरीवर सही मागायला येतात. मी एक सातबारा हातात देतो. गटावर जा, चतुःसीमा लिहून आणा, मग सही. एखाद-दुसराच परत येतो.