राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या पाणी संशोधनाचा शेतकऱ्याला थेट उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो मोबाईलवर मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामान अद्ययावत शेती आणि जल व्यवस्थापनाचं केंद्र जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या मदतीनं उभं राहिलं. तिथे ड्रोन, सेन्सर यांवरही काम झालं, पण माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे विद्यापीठाची 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्युलर' ही पिकाला किती पाणी द्यायचं ते काढून देणारी ॲप.

त्यामागचं गणित सोपं आहे. समजा, आजचं संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (म्हणजे त्या दिवशीच्या हवामानात जमिनीतून आणि प्रमाण धरलेल्या गवताच्या पानांतून उडून जाणारं पाणी) 6 मि.मी. आणि पिकाचा गुणांक (त्याच्या तुलनेत आपल्या पिकाला किती पाणी लागतं तो आकडा) 0.8, तर गरज 4.8 मि.मी. ठिबकच्या दोन नळ्यांमधलं (लॅटरल) अंतर 1.5 मीटर आणि नळीवर थेंब सोडणारा ड्रिपर दर 40 सें.मी.वर असेल तर एका ड्रिपरच्या वाट्याला 0.6 चौ.मी. जमीन; एका चौ.मी.वर 1 मि.मी. पाणी म्हणजे 1 लिटर, म्हणून साधारण 2.9 लिटर पाणी. ताशी 4 लिटरचा ड्रिपर पाऊण तास चालला की झालं. ठिबक जुनं असेल तर थोडं जास्त.

आपल्याकडे लाईट आहे तोवर मोटर चालू ठेवतात. त्यात पाणी जातंच, शिवाय खतही मुळांच्या खाली वाहून जातं. भारी काळ्या जमिनीत तर मुळं गुदमरतात. म्हणून ठिबक असेल तर आधी ड्रिपरखाली भांडं ठेवून तासाचा खरा प्रवाह मोजा आणि तोच आकडा ॲपमध्ये भरा.