उसाच्या हंगामात कोल्हापूर ते कोकणातलं फोंडाघाट सायकलने एका दिवसात होईल का?

होईल. अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं आहे, आणि तुम्ही लिहिलंय तशी रोज सत्तर-ऐंशी मारायची सवय असेल तर पायांना जड जाणार नाही. तरी पहिल्या दिवशी वाटेतल्या राधानगरीलाच मुक्काम करा असं मी सांगेन. जानेवारीत मी कोल्हापूरहून गोव्याला सायकलने गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम पंचावन्न किलोमीटर झाले. अख्ख्या प्रवासातला तोच दिवस मला तासातासाने आठवतो.

पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर एक पेला धारोष्ण दूध घेतलं आणि रंकाळ्याच्या बाजूने निघालो. पुईखडीचा चढ दमवतो, पण तो सुरुवातीलाच आहे हे बरं. पलीकडे भोगावतीच्या खोऱ्यात उतरलात की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कुठे तुरे आलेला, कुठे तोड होऊन नुसतं पाचट पडलेलं, कुठे तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडव्याला पाणी सोडलेलं. सकाळच्या थंडीत त्या ओल्या मातीचा वास नाकात बसतो.

मुख्य रस्ता सोडून एखाद्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर तरी जाच. नदीत दगडी खांब उभे असतात, पावसाळा सरला की त्यांच्यामधल्या खाचांत बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढून घेतात. वरून सायकल आरामात जाते. मी गेलो तेव्हा बरग्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत होत्या, आणि एक म्हातारबाबा फटीत गवत-माती कोंबत बसले होते. या खोऱ्यातला ऊस असल्या अडवलेल्या पाण्यावर उभा आहे. वर राधानगरीचं धरण, ज्याचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं, आणि खाली हे बंधारे.

हळदी गावाच्या पुढे धूर दिसला म्हणून आत वळलो, तर गुऱ्हाळ. दारात सायकल लावतोय तोवर आतून हाक आली, "पाव्हणं, कुठनं आलाईसा? या, रस प्या." मी दहा मिनिटं म्हणून बसलो आणि दोन तास तिथंच होतो. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस खळखळत होता, खाली एकजण चुलवणात रस काढलेल्या उसाचं वाळलेलं चिपाड सारत होता. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते. ती काढून टाकली की रसाचा रंग बदलत जातो. फेसाचे बुडबुडे आधी मोठे, मग बारीक आणि जड. गूळ करणारा गुळव्या बोलत नव्हता, त्याची नजर काहिलीवरच. एकदम त्याने थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. लगेच काहील वाफ्यात ओतली. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. थोडी घाई झाली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर पाक करपतो. मी उठायला लागलो तेव्हा तो पहिल्यांदाच बोलला, "घाई असंल तर जावा. पर आदण उतरल्याबिगर गूळ कसा मिळायचा?" आदण म्हणजे काहिलीतला एका वेळचा रस.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहूपुरीची पेठ तर महाराजांनी १८९५ सालीच गुळाच्या व्यापारासाठी वसवली. पण आता बहुतेक ऊस कारखान्याला जातो आणि गुऱ्हाळं कमी झाली आहेत. म्हणून धूर दिसला तर थांबा. परतीच्या वेळी बघू म्हणाल, तर तुम्ही त्या वाटेने परत येणारच नाही.

आता रस्त्याबद्दल, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे. परिते गावाला साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात त्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि मागची डुलते. डावीकडून कधी घुसू नका. चढावर ट्रॉलीला धरून जाणारी पोरं दिसतील, तो मोह तर टाळाच. अंधार पडला की बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, म्हणून साडेपाचपर्यंत मुक्काम गाठा.

माझी ट्यूब परित्याच्या थोडं अलीकडे बाभळीच्या काट्याने गेली. पंक्चर मी काढलं, पण माझा पंप मोडला होता, आणि गावातल्या दुकानातला पंप माझ्या बारीक, फ्रेंच पद्धतीच्या व्हॉल्व्हला बसेना. तासभर गेला. तुमच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह नसेल तर छोटंसं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. खेडोपाडी मग कुठेही हवा भरता येते.

त्या तासात शेजारच्या शेतात ऊसतोड चालली होती. बीडकडची टोळी. नवरा कोयत्याने तोडत होता, बायको मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती, आणि पाचटावर अंथरलेल्या साडीत बाळ झोपलेलं. पहाटे अंधारातच ही माणसं फडात येतात. मी मोबाईल बाहेर काढला आणि परत आत ठेवला. तिच्या हातात मोळी असताना तिला विचारणार तरी कसं? पाणी प्यायला ती बसली तेव्हा चार शब्द बोललो. मोठी मुलगी गावी आजीकडे शाळेत आहे, हे तिने मला दोनदा सांगितलं. तुम्हीही थांबलात तर आधी बोला, फोटोचं नंतर बघा.

राधानगरीला सहाच्या आत पोचलो. दुसऱ्या दिवशी दाजीपूरकडचा रस्ता जंगलातून जातो आणि तिथे गवे आहेत, तेव्हा चांगलं उजाडल्यावरच निघा. मी आठला निघालो. चढाच्या मधेच पायात गोळे यायला लागले, तेव्हा गुळव्याने वर्तमानपत्रात बांधून दिलेला गूळ आठवला. कागद गुळाला चिकटला होता, आणि त्याला अजून चिपाडाच्या धुराचा वास येत होता.