हात बांधण्याआधी

प्रश्न: सिस्टर, माझे बाबा ७८ वर्षांचे, रेल्वेतून रिटायर झालेले. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री ते "अजनीले ड्यूटी आहे, जाऊ द्या मले" म्हणत सलाईन ओढू लागले. सकाळी गेले तर दोन्ही हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले, मनगटांवर वळ. आम्हाला कोणी विचारलंही नाही. माणूस कमी होता म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: नाही ताई. वळ आजच डॉक्टरांना दाखवा. बोटं गार किंवा बधिर वाटत असतील तर लगेच.

बाबांना वेड लागलेलं नाही. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मनाचा गोंधळ. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर तो पुष्कळदा होतो, आणि बहुतेकांचा ओसरतो. हात बांधले की घाबरलेला माणूस जास्तच झटापट करतो आणि भ्रम वाढतो.

वॉर्डात मीही हात बांधलेत. एक आजी रात्रभर ओरडत होत्या, नळी ओढत होत्या, म्हणून बांधल्या. सकाळी पाहिलं तर लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली, ओटीपोट दगडासारखं टणक. त्या रात्रभर तेच सांगत होत्या. मी ऐकलं नाही. ते मला अजून सलतं.

म्हणून आधी कारण शोधायला लावा. लघवी तुंबली का? पोट साफ होऊन किती दिवस झाले? दुखणं कमी करणारं औषध पुरतं का? रक्तातलं सोडियम, ऑक्सिजन पाहिलं का? झोपेची गोळी नवीन सुरू केली का? बाबा रोज दारू घेत असतील तर लाज न धरता सांगा, अचानक बंद झाल्यानेही असं होतं. गरज नसलेली नळी काढता येईल का, पलंग खाली करता येईल का, हेही विचारा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ मनोरुग्णालयांसाठी आहे. तिथेसुद्धा तात्काळ धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच बांधता येतं, २४ तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला कळवावं लागतं, आणि निव्वळ माणूस कमी म्हणून बांधायला मनाई आहे. मग साध्या वॉर्डात ही सबब का ऐकायची? कोणी, कधी, कशासाठी बांधलं याची केसपेपरवर नोंद मागा.

रात्री घरचं कोणीतरी जवळ बसायची परवानगी घ्या. ड्यूटीवरून वाद घालू नका. हात हातात घ्या, "बाबा, दवाखान्यात आहोत, मी आहे" एवढंच पुन्हा पुन्हा सांगा. आणि त्यांचा चष्मा, कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर आज जाताना घेऊन जा.