स्विफ्टमध्ये मागे ६ बाय ९ इंचांचे ओव्हल स्पीकर टाकू की पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची स्विफ्ट, बजेट आठ हजार, कंपनीचा टेप बदलायचा नाही, आणि दुकानदार म्हणतोय, "मागे ट्रेवर ओव्हल टाका, बेस दणक्यात येतो." (ट्रे म्हणजे मागच्या सीटमागे डिकीवरचं ते सुटं झाकण.) हे वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच वाक्य मी २०१३ साली माझ्या दाजींच्या तोंडून ऐकलं होतं आणि ते मला साडेसात हजारांना पडलं.

ओव्हल घेऊ नका.

माझीही स्विफ्टच, २०१२ ची. दाजी कऱ्हाडचे. गावच्या गणपतीचा साऊंड पंधरा वर्षं त्यांनी लावलाय, त्यामुळे स्पीकर या विषयावर आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. दुकानात ते सोबत आले. मी पुढच्या दारांसाठी काहीतरी बघत होतो, तर म्हणाले, "दारात काय लावतोस, गुडघ्यांना ऐकवायचंय का?" दुकानदार हसला आणि मी गप्प बसलो. डब्यावर चारशे वॅट छापलेली ओव्हलची जोडी घेतली. कंपनीचा ट्रे वजन पेलणार नाही म्हणून दुकानातच प्लायचा नवा ट्रे कापला, त्यावर काळं कार्पेट चिकटवलं. डिकी उघडी ठेवून गाणं लावलं तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. दाजींचा चेहरा काय खुलला होता!

गाडीत बसून दार लावलं तर बेस गायब. म्हटलं, नवीन आहेत, मोकळे होतील.

त्याच पावसाळ्यात आईला घेऊन गणपतीपुळ्याला निघालो. मागच्या सीटवर आई, तिच्या मानेमागे ते दोन ओव्हल, आणि भजन चालू. मलकापूर सोडेपर्यंत ट्रेची खडखड सुरू झाली. आई म्हणाली, "मृदंग कुठाय? नुसते टाळच माझ्या कानात वाजतायत." आंबा घाटात एका वळणावर समोर म्हैस आली. वेग तीसच्या आत असेल, पण ब्रेक दाबावा लागला. ट्रे खाचांतून सुटला, पुढे सरकला आणि हेडरेस्टवर आदळला. ट्रे, दोन स्पीकर, त्यांचे मॅग्नेट असं पाच-सहा किलोचं धूड आईच्या डोक्यापासून चार बोटांवर थांबलं. टेप बंद केला. साखरपा येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग आईच म्हणाली, "दाजींना म्हणावं, मिरवणूक गावातच ठेवा."

घरी आल्यावर ट्रे माळ्यावर टाकला आणि या भानगडीच्या मुळाशी गेलो. स्पीकरचा कागद, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, हवा पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. हॅचबॅकच्या ट्रेच्या चारी बाजूंनी फट असते, डिकी आणि केबिन एकच. मग बेस येणार कुठून? डिकी उघडी असताना आपण स्पीकरच्या एकाच बाजूला उभे असतो, म्हणून दुकानात दणका वाटतो. हे मी दाजींना समजावलं. त्यांचं उत्तर, "ट्रे नीट फिट केला नसेल."

आता तुमचं. पुढच्या दारांत साडेसहा इंची बसतात. कंपोनंट घ्या, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर दारात खाली आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा, वर आरशामागच्या प्लास्टिकच्या त्रिकोणात. कोअॅक्सियल या दुसऱ्या प्रकारात ट्वीटर वूफरच्या मधोमध असतो, मग टाळ पायाशी वाजतात. (गुडघ्यांबद्दल दाजी बरोबर होते, पण त्यावर उपाय मागे ओव्हल हा नव्हे.)

डब्यावरचे वॅट वाचूच नका. तुमच्या टेपमधून एका स्पीकरला वीस वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघणार नाही, मग स्पीकर चारशेचा असो की चार हजारांचा. आरएमएस (सतत पेलता येणारे वॅट) बघा आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटला किती आवाज निघतो ते, डीबीमध्ये) बघा. नव्वद डीबीच्या वरची घ्या. तीन डीबी कमी असली तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, ते आणणार कुठून?

स्पीकरमागच्या मॅग्नेटची खोली मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. नंतर दारांत कंपोनंट बसवले तेव्हा मी नाही मोजली. काच खाली केली तर अर्ध्यावर येऊन टक् करून मॅग्नेटवर बसली. मग स्पीकर थोडा बाहेर यावा म्हणून सुताराकडून एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या फळीची) अर्ध्या इंचाची रिंग कापून घेतली. एक पावसाळा गेला आणि रिंग चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. दारात पाणी उतरतंच, काचेच्या फटीतून येतं आणि खालच्या भोकांतून जातं, ती रचनाच तशी आहे. दुसरी रिंग पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायची केली, ती अजून आहे. दाराच्या आतलं पाणी अडवणारं पातळ प्लास्टिक दुकानातली पोरं फाडून टाकतात, ते उभं राहून परत चिकटवून घ्या. आणि वायर कापू देऊ नका, कंपनीच्या वायरीला जोडायचा कपलर मिळतो.

आठ हजारांतले साडेचार-पाच स्पीकरला आणि उरलेले दाराच्या पत्र्याची थरथर थांबवणाऱ्या डॅम्पिंग शीटला घाला. मागच्या दारांना हात लावू नका. पत्रा शांत झाला की त्याच स्पीकरमधून मृदंगाची धुम बाहेर येते. आईने ऐकली आणि म्हणाली, "आता माणसं समोर बसल्यासारखी वाटतात." हे मी दाजींना मुद्दाम फोन करून सांगितलं.

लावून झाल्यावर बेस पातळ वाटला तर बहुतेक वेळा एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागलेली असते. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला असेल तर कागद बाहेर येतो. माझ्या गाडीत डाव्या दारात हाच घोळ होता, आणि तो दुकानदाराने नाही, मीच केला होता.

एक राहिलं. गाडी सेदान असती तर हे सगळं उत्तर बदललं असतं. तिथे मागच्या काचेखाली पत्र्याचा पक्का डेक असतो, डिकी वेगळी पडते, तिथे ओव्हल खरंच वाजतात. दाजींनी दोन वर्षांपूर्वी सेदान घेतली, माझ्या माळ्यावरचे ओव्हल मागून नेले आणि तिच्यात बसवले. छान वाजतात. "बघ, मी तेव्हाच सांगत होतो," हे दर दिवाळीला ऐकतो.

डिकी वेगळी असते, दाजी.