फुलांच्या टाक्याची टोपी आवळते, काय करू?

प्रश्न: ताई, नातीसाठी फुलाफुलांच्या टाक्याची टोपी विणतेय, खालची पट्टी छान झाली पण वर फुलं सुरू केली आणि टोपी एकदम आवळली, शिवाय फुलं एकाखाली एक येतात. उसवू का?

उत्तर: काकू, पट्टी अजिबात उसवू नका, फक्त फुलांचा भाग काढा. या फुलात तीन टाके एकत्र उलट विणायचे, पण डाव्या सुईवरून उतरवायचे नाहीत, धागा सुईवर घ्यायचा आणि त्याच तीन टाक्यांत परत उलट विणून मग उतरवायचं, म्हणजे तीनाचे तीनच राहतात, पण लोकर खेचली जाते आणि वीण आवळते. म्हणून पट्टी दहा नंबरवर विणली असेल तर फुलं आठ नंबरच्या सुईवर घ्या (आपल्याकडे नंबर कमी तशी सुई जाड, हे नवीन मुलींना आवर्जून सांगावं लागतं). टाके चारच्या पटीत अधिक एक हवेत, म्हणजे ७७ किंवा ८१. दोन फुलांमध्ये एक सुलट, आणि प्रत्येक फुलांच्या ओळीनंतर एक अख्खी सुलट ओळ. पुढच्या फुलांच्या ओळीला सुरुवातीला एक सुलट, एक उलट, एक सुलट घेऊन मग फूल करा, शेवटी एक उलट, एक सुलट, की फुलं आपोआप मधल्या जागेत सरकतात. आणि धागा सैल धरा हो, तीन टाक्यांत सुई घुसतच नसेल तर हात घट्ट आहे.