नॉमिनी दादा, पण घर कुणाचं?

प्रश्न : वकीलताई नमस्कार. बाबा मार्चमध्ये गेले. ठाण्यातला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, त्यांच्याच पगारातून घेतलेला. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे आणि दादा आता सरळ म्हणतोय फ्लॅट माझा. कपाटात बाबांच्या हातचं मृत्युपत्र सापडलंय, त्यात सगळं आईला दिलंय, पण साक्षीदार म्हणून फक्त शेजारच्या काकांची सही आहे. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण, आई, आणि बाबांची आई म्हणजे आमची आजी, ती गावाला काकांकडे असते. आई घाबरून गेलीये. काय करू?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर : आधी दादाचं बघू, कारण दर महिन्याला माझ्याकडे एक तरी असा दादा येतोच. नॉमिनी म्हणजे मालक नाही हो. सोसायटीला मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावाने पाठवायचं, मीटिंगला कुणाला बोलवायचं हे कळावं म्हणून ते नाव असतं. आपल्या सहकार कायद्यात २०१९ साली बदल झाला त्यातही हेच आहे, खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद, बस. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं, की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. तेव्हा दादा नॉमिनी आहे हे खरं, फ्लॅट त्याचा हे खोटं.

आता मृत्युपत्र, आणि इथे मला वाईट बातमी द्यावी लागतेय. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, रजिस्टर करायचीही सक्ती नाही, साध्या वहीच्या कागदावर लिहिलेलं चालतं, पण दोन साक्षीदार लागतातच लागतात. बाबांच्या हातचं अक्षर असलं, सही असली तरी एका साक्षीदारावर ते उभं राहत नाही. दुसरी सही आत्ता कुणाची तरी मागून घेऊ असं मनात आलं असेल तर तो विचार सोडून द्या, ती बनावटगिरी होते आणि मग खरे असूनही तुम्हीच खोटे ठरता.

म्हणजे बाबा मृत्युपत्र न करता गेले असंच धरायचं, आणि १९५६चा हिंदू वारसा कायदा लागू. त्यात सारखे वाटेकरी कोण, तर आई, तुम्ही दोघं, बहीण (तिचं लग्न झालंय की नाही याचा काही संबंध नाही) आणि आजी. हो, आजी! गेलेल्या माणसाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, वडील नसतात, आणि हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, घरातल्या वाटण्या करताना गावच्या म्हातारीला कुणी विचारत नाही आणि मग दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की बँकेचा वकील बोट ठेवतो. तुमच्याकडे पाच जण, प्रत्येकी एक पंचमांश.

आजी असताना हे मिटवा असं मी का म्हणते, तर गणित बघा. उद्या आजी काही न लिहिता गेली तर तिचा पंचमांश तिच्या मुलांकडे जाणार, म्हणजे काका आहेत, आत्या असेल तर आत्या, आणि बाबांच्या वाट्याचा भाग तुम्हा तिघा भावंडांकडे. काका आणि आत्या दोघं असतील तर प्रत्येकाला तुमच्या फ्लॅटचा पंधरावा हिस्सा. ठाण्याच्या फ्लॅटच्या किमतीत तो काही किरकोळ होत नाही, आणि पुढे प्रत्येक सहीसाठी गावाला खेटे.

आजीला खरंच हक्क नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करावं, ते सबरजिस्ट्रारकडे रजिस्टर झालंच पाहिजे, घरी स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेलं चालत नाही. पण तिला नीट समजावून, तिच्या मनाने. अंगठा घेऊन येऊ असं नको, काका उद्या तेच कोर्टात सांगतील. सगळ्यांचं जुळलं तर बाकी भावंडांनीही त्याच वेळी आईच्या नावे हक्क सोडावा, बाबांच्या मनात तेच होतं ना.

दरम्यान सोसायटीला आजच रजिस्टर पोस्टाने पत्र टाका की वारस एवढे आहेत, सगळ्यांच्या संमतीशिवाय शेअर सर्टिफिकेट एकाच्या नावे करू नका, विक्रीला एनओसी देऊ नका. आणि दादाने "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणून पुढे केलेल्या कुठल्याही ना हरकत फॉर्मवर आईने सही करायची नाही. बँकेतले पैसे, शेअर्स यांच्यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट (ते वारसांना मिळावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला) लागू शकतं, फ्लॅटसाठी सोसायटी अडली तर कोर्टातून वारस दाखला काढता येतो, तो आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, खरंच, पेशवाई जाऊन दहा वर्षं झालेली नव्हती तेव्हाचा कायदा!

प्रश्न : दादरचा फ्लॅट आहे, मामांचं मृत्युपत्र एकदम व्यवस्थित आहे, तरी सोसायटी प्रोबेट आणा म्हणते. आणायलाच लागतं का?

उत्तर : प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाचं शिक्कामोर्तब. मुंबई, चेन्नई, कोलकात्यात आधी ते लागायचं. भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते सक्तीचं कलम, २१३, संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. ठाणे-पुण्यात तर आधीही नव्हतं, फक्त मुंबईचं ऐकून सगळीकडे मागायचे. सेक्रेटरींना हे लेखी कळवा. पण कुणी भाचा-पुतण्या मृत्युपत्र खोटं आहे म्हणत असेल तर स्वतःहून प्रोबेट घेतलेलं बरं, एकदा कोर्टाने मान्य केलं की पुढे कुणाकडेही तोंड उचलून बोलता येतं.

प्रश्न : मी साताऱ्याची रिटायर्ड शिक्षिका, मिस्टर गेले, मूलबाळ नाही. घर माझ्या पगाराचं. सासरच्यांशी वीस वर्षं बोलणं नाही, सगळं भाचीच करते. मी गेल्यावर तिलाच मिळेल ना?

उत्तर : नाही मिळणार बाई, आणि हे सांगताना मलाही दरवेळी राग येतो. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा नंबर नंतर. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. २००९ साली सुप्रीम कोर्टात असंच प्रकरण आलं, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी हाकललं, माहेरने शिकवलं, नोकरी केली, आणि पैसे शेवटी गेले सासरच्यांना, कोर्ट म्हणालं सहानुभूती आहे पण कायदा असाच आहे.

पण जिवंतपणी लिहून ठेवलं तर हे सगळं टळतं. या महिन्यातच करा. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि पत्ता न हरवणारे घ्या, कारण पुढे त्यातल्या एकाला तरी कोर्टात यावं लागू शकतं. भाची किंवा तिचा नवरा नको. डॉक्टरांकडून त्याच दिवशीचं शुद्धीत असल्याचं पत्र, प्रत्येक पानावर सही, आणि रजिस्टर करून टाका, फी १०० रुपये. सासरच्यांना का देत नाही तेही एका ओळीत लिहा. आणि भाचीला कागद कुठे ठेवलाय ते सांगा, नाहीतर गादीखाली ठेवून विसरतात लोक.

सगळं एकाच मुलाच्या नावे लिहून देता येईल का, असं विचारणाऱ्या फोंड्याच्या (गोवा) काकांना : वरचं तुम्हाला लागू नाही. गोव्यात अर्धी मालमत्ता बहुतेक वेळा मुळात बायकोचीच, आणि आपल्या अर्ध्यातलाही निम्मा भाग मुलांसाठी राखीव, सगळं एकाच मुलाला लिहून देता येत नाही. तिथल्याच स्पेशल नोटरीकडे जा.